थंड हवेचं छत्र

शेजारच्या गोदाकाकूंना उष्माघाताने दवाखान्यात नेलं, तेव्हा रेवतीने भावाला फोन केला. प्रमोद महापालिकेत अभियंता होता. शहरात कंपन्या याव्यात म्हणून त्यानेच उद्योगनगरीवर थंड हवेचं छत्र उभारलं होतं. त्यासाठी लगतच्या आपल्या गल्लीतल्या घराघरातून संमती मिळवली होती ती रेवतीने.

"छत्राखालची उष्णता तुम्ही आमच्या गल्लीवर सोडता का रे?"

"कुठंतरी सोडावी लागणारच, ताई. तू काळजी करू नकोस. तुझ्यासाठी छत्राखाली घर घेऊन ठेवलंय मी."

"कधी घेतलंस?"

"काम सुरू व्हायच्या आधीच."

"काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवला, आणि मी तुझ्यावर. त्या घरात तूच राहा."

ती दवाखान्यात पोचली. काकूंनी डोळे उघडून विचारलं, "तुला माहीत होतं का गं?"