अंडी तोंडात असेपर्यंत

दगड रचून, पाणी कोमट ठेवून ट्रेव्हरने टाकीतली आफ्रिकन मासळी विणीला आणली होती. मादीने अंडी उबवायला तोंडात घेतल्यापासून तो घरात चवड्यांवर चालायचा. ती दचकली की अंडी गिळून टाकते, म्हणून त्याने दार आपटणंही सोडलं होतं.

आज दुपारी त्याच्या बायकोने, रोंडाने पाहिलं, तर मादीचा गळा सपाट. अंडी गिळली होती!

संध्याकाळी ट्रेव्हरने दारातूनच हळू विचारलं, "काय म्हणतेय आमची पोटुशी?"

"निजलीय. दिवा लावू नकोस, दचकेल."

"बरं बाई," म्हणत तो बूट हातात घेऊन अंघोळीला गेला.

पाण्याचा आवाज सुरू होताच रोंडा लेकीला कडेवर घेऊन मागच्या दाराने बाहेर पडली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या अंगावर एकही ताजा वळ नव्हता.