मुक्याची खुर्ची

"लिंबावर चांदणी बसली, आईले पाहून हसली. आवडलं काय वं, आई?"

सात वर्षांच्या मयुराचा तो आवाज. तेव्हा शोभाताईंचे हात कणकेत होते. वर न बघताच त्या म्हणाल्या होत्या, "नखं पाह्य आधी आपली. किती मळ साचला."

तोच आवाज आज कानाशी आला आणि विद्यापीठातल्या त्या छोट्याशा वर्गाच्या दारात शोभाताई थबकल्या. पोरं गोल करून बसली होती. मधली एक खुर्ची रिकामी होती.

मयुराचा मुख्य विषय रसायनशास्त्र. लेखन तिनं मायनर म्हणून घेतलं होतं.

"मायनर म्हंजे काय वं?" शोभाताईंनी विचारलं होतं.

"मेजरच्या पाठीवरचं धाकटं लेकरू, आई. लाड त्याचेच जास्त."

"लाडगिड राहू दे. भाकर कोणतं देते, ते पाह्य."

पोरगी हसली होती. हसण्यात काहीतरी दुखलं होतं, ते शोभाताईंना दिसलं होतं.

या वर्गाची एक रीत होती. ज्याचं लिखाण वाचलं जाणार, त्यानं मधल्या खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. आपल्या लिखाणाची वकिली करायची नाही. बाकीचे बोलतील ते निमूट ऐकायचं आणि सगळ्यांचं झालं की एकच वाक्य बोलायचं. पोरं तिला मुक्याची खुर्ची म्हणत. आजची पाळी मयुराची होती. पाळी ठरली पावसाळ्याच्या तोंडाशी, आणि पावसाळा सरता सरता डेंग्यूनं मयुराला नेलं. वर्ग घेणाऱ्या देवकी मॅडमनी घरी फोन केला होता. "तिची पाळी आम्ही पुसली नाही. खुर्चीत तुम्ही बसाल का?"

शोभाताई बसल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला.

"जसं तिले बोलले असते तसंच बोला गा पोरंहो. माह्याकडं पाहू नका."

मयुराचं लिखाण वर्गातल्या विहंगनं वाचायला घेतलं. गोष्ट कळमन्यातल्या एका मुलीची होती. मुलगी लिहून आणते, आईला वाचून दाखवते. आई कधी वेणी घालायला सांगते, कधी दूध उतू जातं म्हणून उठते. 'छान' हा शब्द काही तिच्या तोंडून निघत नाही. मुलीला बक्षीस मिळतं. शेजारीण पेढा खाऊन म्हणते, पोरगी मोठी गुणाची. आई म्हणते, "कायची गुणाची? चहा बी धड येत नाही तिले." मग दार लावून घेते. मुलीला पाटावर बसवते, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन तिच्यावरून उतरवते आणि तापल्या तव्यावर टाकते. मोहऱ्या तडतडतात. धुरातून मुलगी विचारते, "आई, आवडलं काय?" गोष्ट तिथंच थांबते.

हळूहळू गोष्टीनंच पोरांना ओढून घेतलं.

"भाषा लई मस्त आहे," रितिका म्हणाली. "पण आई एकाच रंगाची वाटते. एवढी कोरडी आई असते काय कुठं?"

"माह्या घरी ये. बाबाले दाखवतो," विहंग म्हणाला. पोरं हसली आणि लगेच ओशाळली.

"मले ते मीठ-मोहऱ्याचं नाही समजलं," कोपऱ्यातला सौरव म्हणाला. "मधातच काहून आणलं? काढून टाकलं तर गोष्ट टाइट होईन."

"आणि शेवट अर्धा वाटून राहिला. आईचं उत्तर पाहिजे होतं," विहंग म्हणाला.

"उत्तर काय येणार?" रितिका म्हणाली. "जी आई जन्मभर नाही बोलली, ती..." तिची नजर खुर्चीवर गेली. तिनं ओठ चावला. "सॉरी, काकू."

शोभाताईंनी नुसती मान हलवली. अजून बोलायचं नव्हतं.

मयुराच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. बारशाला त्याला मांडीवर घेऊन भरल्या घरात त्यांनीच म्हटलं होतं, "पाहा वं बायांहो, आहे काय कोनापाशी असं लेकरू?" महिना उलटायच्या आत पाळणा रिकामा झाला. तेव्हापासून चांगला शब्द म्हणून त्यांनी ओठाबाहेर पडू दिला नाही. बियाण्याच्या मडक्याचं तोंड लिंपून ठेवावं, तसा आत जपला. चांदणीची ती ओळ त्यांना पाठ होती. तिच्यानंतरच्याही साऱ्या पाठ होत्या. कणीक मळताना, एकट्या असल्या की, त्या मनातल्या मनात म्हणत.

"शोभाताई," देवकी मॅडम हलकेच म्हणाल्या, "आता लिहिणाऱ्यानं बोलायचं असतं. एक वाक्य."

शोभाताई उठल्या. त्या खुर्चीकडे वळल्या. रिकाम्या खुर्चीच्या पाठीवरून त्यांनी दोन्ही हात फिरवले, पोरीच्या केसांवरून फिरवावेत तसे. सवयीनं बोटं कानशिलावर मोडायला हात वर गेले आणि तिथूनच खाली आले.

"आवडलं वं, माह्ये माय, त्या चांदणीपासून सारंच आवडलं, आता सांगाले काय भेव, आता कोनाची नजर लागन तुले?"