तीन मिलिमीटरचा फुगवटा

“वाण्याकडे चाललेय,” असं नवऱ्याला, देवव्रतला, फोनवर खोटं सांगून विनिता खोपोलीच्या रुग्णालयात येऊन बसली होती. तिला डॉक्टरांना एकच गोष्ट विचारायची होती. अबोली हैदराबादला नोकरीला जाते म्हणाली, तर तिच्या बाबांना ते सोसेल का? होकार कळवायला लेकीच्या हातात आज संध्याकाळपर्यंतचाच वेळ होता.

तीन वर्षांपूर्वी देवव्रतला चक्कर आली म्हणून एमआरआय केला आणि मेंदूतल्या रक्तवाहिनीवर तीन मिलिमीटरचा फुगवटा दिसला. असे फुगवटे का येतात, कुठले वाढतात, कुठले फुटतात, यावर मुंबईच्या डॉक्टरांचं संशोधन चालू होतं. त्यात त्याचं नाव घातलं. नातेवाईक म्हणून विनिताने सही केली. लहान आहे, रक्तदाब सांभाळा, वर्षातून एकदा तपासू, असं डॉक्टर कितीतरी बोलले. तिच्या कानात राहिला तो एकच शब्द. फुटेल.

तेव्हापासून घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. देवव्रत कुंभिवलीच्या आपल्या दुकानात गेल्याशिवाय मिक्सर लागत नसे. मुलांचा गलका नको म्हणून विनिताने शिकवणी बंद केली. जरा काही मनाविरुद्ध झालं की देवव्रत कपाळ दाबत आडवा होई आणि विषय तिथंच संपे. गेल्या जूनमध्ये अबोलीला पुण्यात नोकरी लागली. तो दोन दिवस अंथरुणातून उठला नाही. तिसऱ्या दिवशी पोरीने नकार कळवून टाकला. वर्षाच्या तपासणीला मात्र तो परस्पर जाऊन यायचा. “तू बरोबर असलीस की मला जास्त टेन्शन येतं,” म्हणायचा.

“ताई, तुमच्या मिस्टरांचं नाव नाय यादीत,” नर्स म्हणाली. “मॅडमनाच विचारा.”

डॉक्टर हुमा महिन्यातून एकदा मुंबईहून येत. त्यांनी कॉम्प्युटरवर शोधलं.

“ते आता आमच्या अभ्यासात नाहीत. सही तुमचीच आहे म्हणून सांगते. तो फुगवटा नव्हताच.”

“म्हणजे?”

“गेल्या वर्षी मनगटातून नळी घालून, औषध सोडून आम्ही बारकाईने फोटो काढले. त्या जागेवरून एक बारीक फाटा निघतो. त्याचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद आहे. साध्या एमआरआयमध्ये ते फुगवट्यासारखं दिसलं. त्याला काही धोका नाही. त्यांनी घरी सांगितलं नाही?”

विनिताला आधी रडूच फुटलं. आनंदाचं. दोन्ही हात जोडून ती डॉक्टरांसमोर तशीच बसून राहिली. मग डोळे पुसता पुसता तिने विचारलं, “गेल्या वर्षी कधी?”

“फेब्रुवारीत. रिपोर्ट त्यांच्या हातातच दिला होता.”

फेब्रुवारी. आणि अबोलीने पुण्याला नकार कळवला तो जूनमध्ये.

रिपोर्टची प्रत घेऊन विनिता रिक्षाने थेट कुंभिवलीला गेली. देवव्रत दुकानात प्लायवूड मोजून घेत होता. तिने कागद त्याच्यासमोर ठेवला. वरची तारीख पाहताच त्याने माणसांना बाहेर पाठवलं आणि तो स्टुलावर बसला.

“सांगणार होतो,” तो म्हणाला.

तिने तारखेवर बोट ठेवलं.

“खरंच सांगणार होतो गं. त्या दिवशी घरी आलो तर तू दारातच उभी होतीस. पाणी दिलंस. अबोली पायाशी येऊन बसली. दोघीही माझ्या तोंडाकडे बघत होतात. आधी कधी बघितलं होतंत तसं? मला काही झालेलं नाही म्हटलं असतं, तर पोरगी दुसऱ्या दिवशी बॅग भरून गेली असती. तू तुझ्या शिकवणीत. माझ्यासाठी कोण थांबलं असतं?”

बाहेर टेंपोवाला हॉर्न वाजवत होता. विनिताने पर्समधून मोबाइल काढला, अबोलीचा नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

“कोण थांबलं असतं, ते एकदा विचारून बघायचं होतं,” ती म्हणाली. “आता तिला तुम्हीच सांगा. फेब्रुवारीपासून सांगा.”