मागून हाक

सासूबाईंच्या मनाला जरा धीर यावा म्हणून मी टॅरोचं एक पान काढलं. सहा तलवारींचं आलं. होडी, पुढ्यात रोवलेल्या तलवारी, पाठमोरा नावाडी.

"या पानाचा ग्रह म्हणजे कुंभेतला बुध," मी म्हटलं. "हे पान दुःखातून पैलतीराला नेतं, आई."

त्या पानावर वाकल्या. "हा माझा चिराग गो! असाच पाठमोरा गेला."

दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारायची नसते, म्हणून त्या दिवशी जेटीवर आम्ही दोघी गप्प राहिलो होतो. माझा नवरा परत आलाच नाही.

आज मात्र आईंना राहवलं नाही.

"चिराग!"

पानावरचा नावाडी वळला. आम्हाला बघून ओळखीचं हसला, आणि होडी कलंडली.

पानावर आता नुसतं पाणी होतं. ते अजून हलत होतं.