सहा खोकले

"नववं कलम वाचा," माने सरांनी संमतिपत्राचा कागद टेबलावरून ढकलला. "मोठ्यानं वाचा. वाचता येतं ना?"

शकुंतला बंडगरनं कागदाला हात लावला नाही. "पाठ हाय सर. 'सहभागी व्यक्तीस तपासणीचा निष्कर्ष कळवला जाणार नाही.' मीच वाचून दावलंय समद्या गावाला."

"मग सांगलीपर्यंत यायचं कारण?"

शकुंतला जत तालुक्यातल्या एका गावची आशा सेविका होती. पहाटेची एसटी धरून आली होती. समोर बसले होते डॉ. राजवर्धन माने, संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि संशोधनाच्या नीतिमत्ता समितीचे अध्यक्ष. त्यांच्या दोन्ही बाजूंना समितीचे दोन सदस्य, आणि कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन पुष्कर, प्रकल्पाचा तरुण इंजिनिअर.

प्रकल्प सोपा होता. माणसानं मोबाइलमध्ये तीनदा खोकायचं आणि त्या आवाजावरून क्षयाची शंका घ्यायला संगणकाला शिकवायचं. शकुंतलाच्या फोनवरून एकशे चाळीस जणांचे खोकले जमा झाले होते. रेकॉर्डिंग वर गेलं की नाव पुसलं जायचं, नुसता नंबर उरायचा. ही अट समितीनं घातली होती. माने सरांना तिचा फार अभिमान. दोन परिषदांत त्यांनी त्यावर भाषणं ठोकली होती.

आठवड्यापूर्वी पुष्कर फोनवर बोलता बोलता शकुंतलाला म्हणाला होता, की तिच्या गावचे सहा आवाज संगणकानं लाल, म्हणजे क्षयाचे संशयित, दाखवलेत. तेव्हापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

"ती सा मान्सं कोन, येवडंच सांगा," ती म्हणाली. "थुकी तपासली की कळतंय. सरकारी औशीद फुकट हाय. सा म्हैन्यात मानूस बरा हुतोय."

"बाई, ती माणसं नाहीत. ते नमुने आहेत."

डावीकडचा सदस्य हसला. सर पुढं बोलत राहिले. "उद्या यंत्र चुकलं आणि एखाद्या सुनेला सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तर जबाबदार कोण? तुम्ही? गुप्तता म्हणजे काय, हे तुमच्या भागात कळायला अजून शंभर वर्षं जातील."

"तवर त्या सा घरांतली पोरं खोकाय लागतील."

"मग सगळ्या गावाची थुंकी तपासा. कुणी अडवलंय?"

"समद्यांना म्हनून बगितलं. येकजन तयार न्हाई. म्हनत्यात, मला काय धाड भरलीया?"

पुष्कर खाली बघत म्हणाला, "ताई, नावं खरंच पुसली गेलीत. मलाही माहीत नाहीत."

शकुंतलानं खुर्ची लॅपटॉपकडं सरकवली. "नावं नगा देऊ. त्ये सा खोकलं तेवडं मला ऐकवा."

माने सर खुर्चीत मागं रेलले आणि मनापासून हसले. "खोकल्यावरून माणूस ओळखणार तुम्ही? आमच्या अडीच कोटींच्या प्रकल्पाला जे जमत नाही, ते?"

"रोज दारात जाते मी त्यांच्या. पावलावरनं बी वळखते."

"ऐकवा हो पुष्कर. फिटू दे बाईंची हौस. आणि इतिवृत्तात लिहा, आवाजावरून ओळख पटत नाही हे प्रत्यक्ष प्रयोगानं सिद्ध झालं. बरंच झालं, पुढच्या निबंधात उपयोगी पडेल."

पुष्करनं लॅपटॉप तिच्याकडं वळवला.

पहिला खोकला कोरडा, तुटक होता. शकुंतलानं करंगळी मिटली. दुसरा खोल, शेवटी धाप लागलेला. तिनं दुसरं बोट मिटलं. तिसऱ्याला तिनं पदर तोंडाशी धरला आणि डोळे पुसले. चौथा. पाचवा. तिची मूठ वळली होती.

सहाव्याला ती थबकली. "परत लावा."

पुष्करनं परत लावला.

"आनि येकदा."

"संपलं वाटतं ज्ञान," माने सर म्हणाले. "बोला, कोण कोण आहेत?"

"तुमाला कसं सांगू सर? ज्याचं त्यालाच सांगायचं असतंय."

सदस्यांनी एकमेकांकडं बघितलं. सरांनी हात झटकला. "म्हणजे एकही ओळखता आला नाही. तसं लिहा."

तसं लिहिलं गेलं. मग शकुंतला म्हणाली, "सर, ह्यास्नी जरा भाईर जायला सांगता का? तुमच्याशी येकट्याशी बोलायचं हाय."

माने सरांनी डोळ्यानं खूण केली. अशी माणसं शेवटी एकांतात पाया पडतात, हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव होता. दोन्ही सदस्य चहाला गेले. त्यांच्यामागं पुष्कर गेला. दार लागलं.

"बोला. पण निर्णय बदलणार नाही."

"नगा बदलू. पाच जनांच्या घरी मी आज सांजच्याला जाते." तिनं पिशवीतून झाकणाची एक प्लास्टिकची डबी काढली आणि त्यांच्यापुढं ठेवली. "पैल्या दिशी तुमी आमच्या गावच्या शाळंत आलता, मान्सं फोनला लय भीत हुती. तवा त्यांची भीड मोडाय तुमीच आदी माझ्या फोनात खोकून दावलं. उद्या सकाळी चूळ भरायच्या आदी ह्या डबीत बेडका टाका. आनि घाबरू नगा सर, मी कुनाला सांगत न्हाई."