चाकांवरचा गंज

निवृत्त नर्सबाईंनी जुनी मोटरसायकल भंगारात द्यायची ठरवली, तेव्हा शेजारची गॅरेजवाली मुलगी आडवी आली. अंगणातच ती गंजलेल्या रिमांवर व्हिनेगरमध्ये बुडवलेली फॉइल घासू लागली. “मढ्याला पावडर कशाला लावतेस गं?” बाई हसल्या. “मावशी, पूर आला तेव्हा बाळंतपणात अडलेल्या माझ्या आईला तुम्ही याच गाडीवरून दवाखान्यात नेलंत. म्हणून मी आहे.” बाईंना आठवेना, अशा कितीतरी जणींना त्यांनी वेळेवर पोचवलं होतं. त्या शेजारी टेकल्या आणि दुसरी रिम पुसू लागल्या. संध्याकाळपर्यंत चाकं लखलखली. “थोडे डाग राहिले,” मुलगी म्हणाली. “राहू देत. माझ्या तोंडावर कमी आहेत का?” मुलीने किक मारताच गाडी धडधडली. बाई सवयीने पुढे बसायला गेल्या, पण गुडघ्यांनी दाद दिली नाही. “आज मागे बसा.” तिच्या खांद्याला धरत बाई म्हणाल्या, “बरं झालं आलीस.”