भोंग्याची तक्रार

या, जवळ बसा. ऐकून मान खाली जाईल अशी एक गोष्ट सांगतो.

ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावातली भाग्यश्री घरूनच ऑनलाइन एमबीए करते, विषय अकाउंटिंग. शेवटच्या पेपराला माइक चालू ठेवायचा, बाहेरचा आवाज आला की पेपर रद्द. नेमका देवळात केवळरामबुवांच्या कीर्तनाचा सप्ता, तोही भोंग्यावर! "बुवाले काय समजते एमबीए?" म्हणत तिनं आदल्या दिवशी, नाव न सांगता, पोलिसांत फोन केला.

पेपर शांततेत झाला. मग हवालदाराचा फोन आला.



"बाई, आज मी देवळात पोचलो तं भोंगा आधीच उतरवून ठेवला होता. केवळरामबुवा बिनामाइकचंच कीर्तन करून राह्यले होते. म्हणे, तक्रार करणाऱ्याले नमस्कार सांगा, अन् म्हणा, आमच्या भाग्यश्रीचा आज मोठा पेपर हाये, देवाजवळ तिची आठवण ठेवजा."